एकवीस किलोमीटरची वर्गणी

धावणाऱ्या माणसांबद्दल माझं मत कधी फारसं चांगलं नव्हतं. मिरजेत आमच्या गल्लीत कोणी पळताना दिसलं तर एक तर त्याची गाडी सुटत असायची किंवा मागे कुत्रं लागलेलं असायचं. पुढे इंग्लंडात न्यूकॅसलला राहायला आल्यावर, भर पावसात अर्ध्या चड्डीवर, लालबुंद तोंडानं धावणारे लोक बघितले की ‘यांना घरी कोणी विचारत नाही का’ एवढंच मनात यायचं. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांची पगारपत्रकं करणारी मी त्रेचाळिसाव्या वर्षी छातीवर नंबर टोचून ग्रेट नॉर्थ रनच्या गर्दीत उभी राहीन, असं कोणी म्हणालं असतं, तर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

हे झालं माझ्या मैत्रिणीमुळे. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, सोलापूरची. इथल्या गणपतीत ओळख झाली आणि ती मला ताई म्हणायला लागली. 2023 च्या हिवाळ्याच्या तोंडावर तिचे दिवस भरत आले होते. बाळाची हालचाल जाणवेना म्हणून ती दवाखान्यात गेली, तर सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत. अशा वेळी ऑपरेशन करून बाईला मोकळं करत असतील, असा माझा समज होता. सहसा तसं करत नाहीत. औषधं देऊन कळा आणतात आणि त्या सगळ्या सोसून बाईला बाळंत व्हावं लागतं. मुलगा होता. वजन व्यवस्थित, केस भरपूर.

तिची आई पंधरवडाभर आधीच येऊन राहिली होती. बॅगेत डिंक, अळीव, खारीक, जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी. मी भेटायला गेले तेव्हा काकू लेकीच्या पाठीला तेल चोळत बसल्या होत्या. काय बोलावं मला सुचेना. काकूच म्हणाल्या, “बाळंतीण तर आहे ना ती.” त्यांनी लाडू वळले, शेक दिला, पोट बांधलं. बाळ नसलं तरी दूध येतं, ही गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती. मीही कधी विचार केला नव्हता.

इथल्या दवाखान्यांत अशा प्रसंगासाठी वेगळी प्रशिक्षित सुईण असते. बाळाला निरोप द्यायची घाई करू नका, असं तिनं सांगितलं. एक गार ठेवणारा पाळणा असतो, त्यात बाळाला आईबापाच्या खोलीत राहू देतात. हे दोघं दीड दिवस त्याच्याजवळ होते. निघताना एक पेटी दिली. त्यात हातापायांचे ठसे, केसांची बट, एक लहान अस्वल. तसंच दुसरं अस्वल बाळाबरोबर गेलं. तो ठसा मी पाहिला आहे. तळवा माझ्या मधल्या बोटाएवढा, आणि उजवी करंगळी शाईत नीट उठलेली नाही.

चोविसाव्या आठवड्यानंतर बाळ पोटात गेलं तरी इथल्या कायद्यानं त्याची नोंद करावी लागते आणि नोंदीत नाव घालता येतं. यांनी घातलं. नाव मी इथं देत नाही, ते त्यांचं आहे.

आपल्या मंडळींमध्ये मात्र ते नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. सगळे चांगले लोक. डबे पोचवले, गाडीनं ने-आण केली, रात्री-अपरात्री फोन उचलले. पण बोलायची वेळ आली की ‘ते सगळं झालं ना, तेव्हापासून’ असं मोघम. ‘वय आहे अजून’, ‘देवाची इच्छा’, ‘सुटलीस समज’. ती पेटी घरात ठेवू नये, असंही एकीनं सुचवलं. आपल्याकडं बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसतं, दहावं-बारावं नसतं; पुरायचं, अंघोळ करायची आणि कामाला लागायचं. घराघरांत दोन-तीन मुलं अशी जायची त्या काळात यात शहाणपण असेल. आता मला ते पटत नाही.

तिला आधार मिळाला तो ‘सॅन्ड्स’ या संस्थेचा. मूल गमावलेल्या आईबापांनीच 1978 साली ती सुरू केली. त्यांची फुकट हेल्पलाइन आहे, गावोगावी गट आहेत, दवाखान्यातल्या लोकांना त्या खोलीत कसं बोलावं याचं शिक्षणही ते देतात. ब्रिटनमध्ये साधारण अडीचशे जन्मांमागे एक बाळ मृत जन्मतं. आशियाई आणि कृष्णवर्णीय आयांमध्ये हे प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहे, आणि ते का, याच्या मागेही ही मंडळी लागलेली आहेत. फेब्रुवारीत एकदा मैत्रीण म्हणाली, “ताई, मला यांच्यासाठी काहीतरी करायचंय. पण मला लोकांसमोर उभं राहायचं नाही.” मी म्हटलं, “मी राहते.” कुठं आणि कशासाठी, ते ठरलं नव्हतं. कोणी केक करून विकतं, कोणी डोंगर चढतं, कोणी डोकं भादरून घेतं. माझे केक कोणी विकत घेतले नसते.

राहता राहिली धाव. आणि आमच्या गावात धाव म्हणजे ग्रेट नॉर्थ रन. ब्रेंडन फॉस्टर हा इथलाच धावपटू, 1976 च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचं कांस्यपदक मिळवलेला. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला सगळं शहर रस्त्यावर उतरून धावताना त्यानं पाहिलं आणि 1981 मध्ये इथं तसंच सुरू केलं. न्यूकॅसलपासून समुद्राकाठच्या साउथ शील्ड्सपर्यंत 13.1 मैल, म्हणजे 21 किलोमीटर. हल्ली साठ हजारांच्या आसपास लोक धावतात. तरी मागणाऱ्या सगळ्यांना जागा पुरत नाही म्हणून सोडत काढतात. पण धर्मादाय संस्था काही जागा आधीच घेऊन ठेवतात आणि ठरावीक रक्कम गोळा करून देईन असं कबूल करणाऱ्याला त्या देतात. मी कबूल केलं. घरी सांगितल्यावर नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “चालत गेलं तर चालतं का?”

सरकारी आरोग्यसेवेचं एक फुकट ॲप आहे, सोफ्यावरून उठवून माणसाला नऊ आठवड्यांत पाच किलोमीटर पळवणारं. त्यात कोणाचा आवाज कानात हवा, ते निवडता येतं. मी सारा मिलिकन या विनोदी बाईंचा निवडला. त्या मूळच्या साउथ शील्ड्सच्या, म्हणजे जिथं मला पोचायचं होतं तिथल्याच. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद धावायचं, नव्वद सेकंद चालायचं. साठ सेकंद! मला वाटलं, हे लहान मुलांसाठी आहे. चाळिसाव्या सेकंदाला छातीत भाता सुरू झाला आणि मी कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीला धरून उभी राहिले. एक आजोबा थांबून विचारू लागले, कोणाला फोन करू का.

पुढचे आठवडे त्या ॲपवर माझा राग होता. पाचव्या आठवड्यात तर सरळ फसवणूक आहे: आधी आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे देतात आणि लगेच पुढच्या खेपेला म्हणतात, आता वीस मिनिटं न थांबता. ती वीस मिनिटं मी टाउन मूरवर काढली. शहराच्या मधोमध हे भलंमोठं माळरान आहे आणि जुन्या हक्कानं तिथं उन्हाळाभर गाई चरतात. गाईंनी माझ्याकडं पाहिलं, रवंथ थांबवलं नाही. कोणी हसणार नाही, अशी ती गावातली एकमेव जागा होती.

शनिवारी सकाळी तिथंच पार्करन भरतं. पाच किलोमीटर, फुकट, कोणीही या. यातली सगळ्यात मोठी सोय म्हणजे सर्वांच्या मागून चालायला एक स्वयंसेवक नेमलेला असतो, त्यामुळे शेवटचा नंबर कायम त्याचा. लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2004 साली तेरा जणांवर हे सुरू झालं, आता जगभर चालतं. कोणाच्या डोक्यातून निघालं असेल ते असो, पण मागून चालणारा नेमणाऱ्याला माणसं कळलेली होती.

सामान हे वेगळंच प्रकरण. बुटाच्या दुकानातल्या पोरानं मला पट्ट्यावर पळवून मागून पायांचं चित्रीकरण केलं आणि उजवा पाय आत कलतो म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बुटांची किंमत ऐकून मी मनात हिशेब केला, तर त्या पैशांत मिरजेला साधीशी सतार आली असती. शिवाय आतले कपडे वेगळे, मोजे वेगळे, आणि व्हॅसलिन. व्हॅसलिन कुठं कुठं लावायचं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण नाही लावलं तर अंघोळीच्या वेळी कळतं.

पळण्यापेक्षा पैसे मागणं जड जाईल असं वाटलं होतं. मग लक्षात आलं, आपण गणपतीची वर्गणी मागत मोठे झालेली माणसं. दार वाजवायचं, पावतीपुस्तक पुढं करायचं, ‘काकू, मागच्या वर्षी एक्कावन्न दिले होते’ म्हणायचं. इथं पावतीपुस्तकाच्या जागी देणगीचं पान होतं, आणि देणारा इथला करदाता असेल तर सरकार प्रत्येक पाउंडामागे पंचवीस पेन्स वर घालतं. ते आमच्या मंडळाला कधी मिळालं नाही. पानावर मी काय घडलं ते चार ओळींत लिहिलं, बाळाचं नाव लिहिलं, आणि मिरजेपासून न्यूजर्सीपर्यंत सगळ्यांना पाठवून दिलं. आधी अर्थात तिला विचारलं होतं. तिनं काही दिवस उत्तरच दिलं नाही. मग एक मेसेज आला. त्यात फक्त नावाचं स्पेलिंग होतं.

आमच्या मंडळींच्या फोनवरच्या गटावर शांतता पसरली. दोन हात जोडलेली चित्रं आली आणि विषय हळदीकुंकवाकडं वळला. पण संध्याकाळपासून मला एकटीला निरोप यायला लागले. सांगलीचे एक काका, वडिलांचे मित्र, आयुष्यात हवापाण्यापलीकडं माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांनी लिहिलं: “आमची पहिली मुलगी अशीच गेली. 1979. नाव ठेवलं नव्हतं. काकूंना सांगू नकोस की मी लिहिलं.” दुसऱ्या दिवशी काकूंचा निरोप आला, काकांना सांगू नकोस म्हणून. शाळेतली एक मैत्रीण, जिला दोन मुलं आहेत असं मी धरून चालले होते. तिला तीन झाली होती. एका ओळखीच्या बाईंनी पैसे दिले आणि नावाच्या रकान्यात कोणाचंच नाव नसलेली एक तारीख लिहिली. माझ्या ओळखीपाळखीत एवढी मुलं होती आणि मला एकाचाही पत्ता नव्हता. जगात दरवर्षी एकोणीस-वीस लाख बाळं मृत जन्मतात आणि संख्येनं सर्वांत जास्त भारतात, हा आकडा मी नंतर वाचला. तोवर मला तो घराघरांच्या पत्त्यासकट कळून चुकला होता.

आपल्या केंद्र सरकारनं 2022 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशा वेळी साठ दिवसांची खास रजा दिली, हेही तेव्हाच समजलं. काकांनी विचारलं होतं, “तेव्हा होती का गं अशी काही सोय?” नव्हती. काकू शिक्षिका होत्या. त्या किती दिवसांनी शाळेत गेल्या, हे विचारायचं माझ्यानं झालं नाही.

2024 ची ग्रेट नॉर्थ रन 8 सप्टेंबरला होती, आणि आदल्या दिवशी गणेश चतुर्थी. पळणारे लोक आदल्या रात्री भात-पास्ता खाऊन अंगात साखर साठवतात. मी उकडीचे मोदक खाल्ले, आणि कोणाला काय सांगायचं ते सांगू दे, त्याहून चांगला उपाय नाही. रात्री आईचा फोन. “उद्या ऋषिपंचमी आहे, लक्षात आहे ना? बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं.”

“आई, उद्या बैल मीच आहे.”

धावताना चोखायच्या त्या चिकट जेलच्या पाकिटांचं काय, यावर तिनं थोडा विचार केला आणि नांगराशी संबंध नसेल तर चालेल, असा निर्णय दिला.

मग मी संस्थेनं पाठवलेल्या बनियनवर अक्षरं चिकटवायला बसले. इस्त्रीनं चिकटणारी अक्षरं मिळतात. तिथं लोक आपलं स्वतःचं नाव लावतात, म्हणजे रस्त्यावरचे लोक त्या नावानं हाका मारून जोर देतात. मी बाळाचं लावलं. वर सुती ओढणी घालून इस्त्री फिरवली तरी शेवटचं अक्षर नीट बसेना.

सकाळी पाऊस. मोटारी बंद केलेल्या हमरस्त्यावर माणसं गटागटांत उभी केलेली, सावकाश धावणारे सगळ्यात मागे. पुढं बंदूक सुटल्यावरही आम्ही कितीतरी वेळ जागेवरच. कोणी डायनोसॉर झालेलं, कोणी लग्नाच्या पोशाखात. आणि पाठी! मी पूर्वी टीव्हीवर ही धाव पाहिली तेव्हा पाठी कधी पाहिल्या नव्हत्या. ‘बाबांसाठी’, ‘आमच्या आजीसाठी’, फोटो, तारखा. माझ्यासारखंच बनियन घातलेल्या एका उंच माणसाच्या पाठीवर मुलीचं नाव होतं आणि खाली एकच तारीख, 1996 सालची. आम्ही थोडा वेळ बरोबर होतो. तो फक्त म्हणाला की लेक आता अठ्ठावीस वर्षांची असती आणि तिनं त्याला या पावसात कधीच धावू दिलं नसतं. मग तो पुढं गेला. सगळेच पुढं जात होते.

शहरातल्या बोगद्यात हजारो लोक एकदम ‘ऑगी, ऑगी, ऑगी’ ओरडतात आणि ‘ऑय, ऑय, ऑय’ असं उत्तर देतात. का, ते विचारू नका, मीही ओरडले. टाइन नदीवरचा पूल आला. तो दुरुस्तीला काढलेला. पूल संपून गेट्सहेडला लागतो तिथं पहिल्यांदा ऐकू आलं. एक आजीबाई, प्लास्टिकचा रेनकोट, हातात संत्र्याच्या फोडींचा डबा. तिनं माझ्या छातीवरचं वाचलं आणि बाळाचं नाव घेऊन ओरडली: चल, चल पोरी! मी क्षणभर मागं वळून पाहिलं, कोणाला म्हणते म्हणून.

मग ते थांबलंच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल माणसं उभी असतात. छत्र्या, घरातल्या खुर्च्या, पाण्याचे पाइप, पोरांच्या हातात मिठाई, कोणाकडं चक्क बीअर. सगळे वाचून हाका मारत होते. शेवटच्या ‘अ’चा ‘आ’ करून, मधलं जोडाक्षर गिळून, त्यांच्या त्या जॉर्डी हेलात, पण नाव तेच. दारूच्या दुकानाबाहेरचे गडी ओरडले. शाळकरी पोरांनी टाळीसाठी हात पुढं केले आणि ओरडली. एका बँडवाल्यानं माइकवर घेतलं. न्यूकॅसलच्या आपल्या माणसांत वर्षभरात जे नाव कोणी घेतलं नव्हतं, ते त्या दिवशी हजारो अनोळखी लोकांनी पावसात उभं राहून घेतलं. ओल्यानं शेवटचं अक्षर सुटायला लागलं होतं. मी दर थोड्या वेळानं ते दाबून बसवत होते, माझं निम्मं लक्ष त्यातच होतं. कदाचित त्यामुळेच जॉन रीड रोडचा तो न संपणारा चढ मी चढले. चढले म्हणजे चालले. नवऱ्याचा प्रश्न बरोबर होता; चालतं.

शेवटच्या मैलाला एक तीव्र उतार येतो आणि एकदम समोर समुद्र. खाली डावीकडं वळलं की उजव्या हाताला पाणी ठेवून सरळ रस्ता, इतका सरळ की शेवट दिसतो आणि जवळ येत नाही. माझ्या अंगठ्याचं नख कधीच गेलं होतं, पोटऱ्या दगड झाल्या होत्या.

मैत्रीण तिथं कठड्याजवळ उभी होती. येणार नाही म्हणाली होती. मी दिसायच्या आधीच तिला नाव ऐकू आलं, हे तिनं नंतर सांगितलं. पलीकडचे लोक ओरडत होते, ते जवळ जवळ येत होतं, आणि कोण येतंय ते तिला आधीच कळलं. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. “ताई, किती चुकीचं म्हणतात गं,” ती म्हणाली. मग केळं सोलून माझ्या हातात दिलं आणि माझी पिशवी घेतली. परतीच्या मेट्रोची रांग एवढी होती की त्यात आमचं सगळं बोलून झालं. त्यातलं इथं लिहायचं काही नाही. घरी दीड दिवसाचा गणपती माझ्यासाठी खोळंबला होता. आरतीला मी खुर्चीत बसूनच उभी राहिले असं समजावं. नंतर आठवडाभर जिने उलटे उतरत होते.

ठरलेल्या रकमेच्या दुपटीहून थोडे जास्त पैसे जमले. त्यातला मोठा वाटा न्यूकॅसलचा नाही, सांगली-मिरजेचा आणि सोलापूरचा. मैत्रिणीच्या आई परत गेल्यावर त्यांच्या भजनी मंडळानंही पाठवले, आणि पावतीवर बाळाचं नाव घाला म्हणून कळवलं.

पुन्हा धावणार का, असं लोक विचारतात. नाही. मला धावणं आवडलं नाही, ते चांगलं असतं हे मान्य आहे. पुढच्या खेपेला मैत्रीण धावायचं म्हणते आहे, वर्गणी मी देईन. तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल तर इंग्लंडला यायची गरज नाही. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्येही संस्थांसाठी धावता येतं. बाळाचं नाव लावायचं असेल तर आईला आधी विचारा आणि उत्तराला वेळ द्या. अक्षरं चिकटवू नका, शिवून घ्या. बूट अर्ध्या नंबरानं मोठे घ्या. आणि वर्गणी मागायला लाजू नका, लोक वाटच बघत असतात.